एकविसावं विरजण

कागद रेवतीनं वाचायचा आणि सही सुचेतानं करायची, ही पद्धत तेहतीस वर्षं चालू होती. त्यात काही वावगं आहे असं दोघींनाही कधी वाटलं नाही. इतरांना वाटलं असेल, पण दोन शास्त्रज्ञ बायकांच्या मध्ये नाक कोण खुपसणार?

सुरुवात पुण्यातल्या वसतिगृहात झाली. सुचेता मगदूम मिरजेच्या मराठी शाळेतून आलेली. रसायनशास्त्र तिला उपजत आल्यासारखं यायचं, पण इंग्रजी अर्ज पुढ्यात आला की तोंडचं पाणी पळायचं. खोलीतली जोडीदारीण रेवती सबनीस वकिलाची मुलगी, कॉन्व्हेंटात शिकलेली. असले कागद ती रविवारच्या पुरवणीसारखे वाचायची. शिष्यवृत्तीचा नऊ पानी अर्ज तिनं कॉटवर पाय पसरून, चिवडा खात खात वाचला आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाली, "इथं."

"तू वाचलंस ना?" सुचेतानं विचारलं.

"वाचलं."

"मग झालं."

तेव्हापासून ही तीन वाक्यं त्यांच्यात कायमची ठरून गेली. प्रबंध, पेटंट, परवानग्या, मिरजेजवळ म्हैसाळ रस्त्यावर दोघींनी मिळून उभं केलेलं संशोधन केंद्र, सगळे कागद याच वाटेनं गेले. पुढे सुचेताचं इंग्रजी फर्डं झालं, परदेशात तिची भाषणं होऊ लागली, तरी सवय सुटली नाही. खरं तर तिला त्याचा अभिमानच होता. मुलाखतीत ती हसत सांगायची, "मी आयुष्यात एकही कागद वाचलेला नाही. मला रेवती आहे." ऐकणारेही हसायचे.

यंदा, म्हणजे २०४३ साली, त्यांच्या क्षेत्रातला सगळ्यात मोठा लिंडेन सन्मान डॉ. सुचेता मगदूम यांना जाहीर झाला. जगभरातून अभिनंदनाचे निरोप आले. मिरजकरांनी लगेच समिती नेमली, शनिवारी चार वाजता नाट्यगृहात नागरी सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं काम रेवतीकडे दिलं. सत्काराला पाच दिवस राहिले असताना, सोमवारी सकाळी सुचेताचा फोन वाजला.

"सुचेताताई, मी जुबेदा बोलते, मुजावरांची. इंदूवहिनींचं काही बरं नाही हो. तोंड सुजलंय, सकाळपासून उलट्या चालल्यात. आणि मला ओळखंनात."

इंदूवहिनी म्हणजे सुचेताच्या थोरल्या भावाची बायको. सुचेता नऊ वर्षांची असताना त्या लग्न होऊन घरात आल्या. सुचेताची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे वेणी घालण्यापासून पुण्याला जाताना ट्रंकेत लाडवाचा डबा ठेवण्यापर्यंत सगळं वहिनींनीच केलं. मूलबाळ त्यांना झालं नाही. चिडवायचं असलं की त्या या चिमुरड्या नणंदेला मोठ्या मानानं "काय वन्सं?" म्हणायच्या.

या वहिनी आपल्याच घरात शेजारणीला ओळखत नव्हत्या. सुचेता गाडीत बसली तेव्हा तिच्या पायात स्वयंपाकघरातल्या चपला होत्या.

---

सुचेतानं आयुष्यभर जे काम केलं, त्याचं मूळ वहिनींच्याच घरात होतं. दादाची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा ती पीएचडी करत होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास दादा डायलिसिसच्या खुर्चीत बसायचा आणि शेजारी स्टुलावर वहिनी. सुट्टीत एकदा सुचेता त्या स्टुलावर बसली होती. यंत्रातून फिरणारं दादाचं रक्त बघता बघता तिच्या मनात आलं, रक्तातली घाण काढायला ते शरीराबाहेरच कशाला आणायचं?

गोष्ट साधी होती. मूत्रपिंडं बंद पडली की युरिया, क्रिएटिनिन असली द्रव्यं रक्तात साचतात. पण रक्त आतड्याच्या भिंतीतूनही फिरतं आणि ही द्रव्यं तिथून थोडी थोडी आत झिरपत असतात. आतड्यात ती खाणारं कुणी बसवलं, तर रक्तातून आणखी झिरपतील, तीही खाल्ली जातील, आणि असं दिवसभर चालू राहील. खायचं काम करतात विकरं, म्हणजे एन्झाइम. एकेका द्रव्याचे तुकडे पाडणारी एकेक कात्रीच म्हणा. अशा पाच कात्र्या सुचेतानं शोधल्या, धार लावून तेज केल्या. यात एकोणीस वर्षं गेली. दादा तर तिसऱ्याच वर्षी गेला.

या कात्र्या कोणत्या जिवाणूच्या हाती द्यायच्या, यावर केंद्रात बराच खल झाला. सुचेतानं निर्णय दिला, दह्याच्या. त्याचं कारण ती सभासंमेलनांत सांगायची ते असं: गोळी संपते, पण विरजण संपत नाही. एकदा पुडी आणून दही लावायचं, मग रोज त्यातलंच चमचाभर ठेवून उद्याचं लावायचं. कधी नासलं तर शेजारणीकडून वाटीत मागून आणायचं. औषध दुकानात गेलं की ते दादासारख्यांच्या हाताला लागत नाही. शेजारीण मात्र विरजणाला कधी नाही म्हणत नाही.

तिनं नाव ठेवलं निवळी. गढूळ पाणी स्वच्छ करायला पूर्वी ज्या झाडाचं बी उगाळून घालत, त्याचं नाव.

निवळीची चाचणी वर्षभर चालली. रुग्ण चिठ्ठ्या टाकून निवडले, त्यात मधुमेहानं मूत्रपिंडं गमावलेल्या वहिनींचं नाव निघालं. दर आठवड्याला केंद्रातून दह्याची ताजी बरणी यायची. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी वहिनींचं डायलिसिस थांबवलं. त्या बाजारात चालत जाऊ लागल्या आणि भाजीवाल्यांशी पूर्वीसारख्या घासाघीस करू लागल्या. सुचेताला त्यापुढे लिंडेन सन्मानाचं फारसं कौतुक वाटलं नाही.

पाच आठवड्यांपूर्वी निवळी बाजारात आली. पहिली पुडी सुचेतानं स्वतःच्या हातानं वहिनींना दिली. "ह्याचं दही लावा. आता कुणाकडे मागायला नको, तुम्हीच वाटा."

वहिनींनी खरंच वाटलं. गल्लीत तंबोरे बनवणाऱ्या मुजावरभाईंनाही मूत्रपिंडाचाच त्रास होता. त्यांच्या घरी पहिली वाटी गेली.

---

दवाखान्यात वहिनींच्या मानेतून नळी घालून तातडीनं डायलिसिस सुरू केलं. दुपारी त्या भानावर आल्या.

"आलीस व्हय? काय झालं न्हाई गं मला. उगंच जुबेदानं बोंब मारली."

"वहिनी, दही खात होता ना रोज?"

"खातो की. दोन टायमाला वाटी वाटी. खाडा न्हाई केला एक दिवस." मिरजेच्या बायकांसारख्या त्या 'खातो, जातो' असंच बोलायच्या. "पर तुला सांगायचं राहिलंच बघ. मुजावरभाई गेलं. आठ दिस झालं. झोपेतच गेलं. डॉक्टर म्हनला, हार्ट."

रक्तात घाण साचत गेली की हृदय असंच बंद पडतं, हे सुचेताला डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं. तिनं जुबेदाकडून वहिनींच्या घराची किल्ली घेतली, फ्रीजमधलं दह्याचं भांडं काढलं आणि तडक केंद्रात आली.

दही छान लागलेलं होतं, घट्ट आणि गोडसर. त्यात जिवाणूही भरपूर होते. पाच कात्र्यांपैकी मात्र एकही नव्हती.

भांड्यात काही बिघडलं असेल, दूध वाईट असेल, वहिनींकडून चुकून बाहेरच्या दह्याचं विरजण पडलं असेल. सुचेतानं मनाची समजूत घालून पाहिली. मग तिनं आठ गावांतून ताज्या पुड्या मागवल्या आणि त्या गवळणीच्या हवाली केल्या. गवळण म्हणजे केंद्रातलं एक यंत्र. ते बोटभर नळ्यांत दूध भरायचं, विरजण लावायचं, ऊब देऊन तीन तासांत दही करायचं आणि त्यातलाच थेंब पुढच्या नळीत टाकायचं. घरच्या तीन आठवड्यांचं काम ते तीन दिवसांत उरकायचं.

शुक्रवारी दुपारी निकाल आला. आठही रांगांत विसाव्या विरजणापर्यंत पाचही विकरं जोमात होती. एकविसाव्यात एकदम शून्य.

सुचेता त्या आकड्यांकडे बघत बसली. जिवाणू बदलतात, उपरा गुण टाकून देतात, हे खरं. पण एखादा दहाव्या विरजणाला टाकेल, एखादा साठाव्याला, एखादा कधीच टाकणार नाही. आठही जण ठरवल्यासारखे एकविसाव्यालाच थांबतात, याचा अर्थ कुणीतरी ते ठरवलेलं होतं.

तिनं जनुकांचा पट मागवला आणि ओळीनं वाचायला घेतला. कागद न वाचणाऱ्या बाईला ही एक गोष्ट मात्र वाचता यायची. विकरांच्या शेजारी एक धागा सापडला, तिनं कधीच न घातलेला. चमचाभर विरजण भांडंभर दही होईपर्यंत जिवाणू साधारण सात वेळा दुप्पट होतात. प्रत्येक वेळी या धाग्याचं टोक थोडं झिजत होतं. एकशे चाळीस वेळा झिजला की धागा संपायचा आणि विकरांची जनुकं बंद व्हायची. मागे उरायचं ते नुसतं दही.

धाग्याच्या शेवटी एक छोटं प्रथिन होतं, कसल्याच कामाचं नसलेलं. त्याच्या सहा कड्यांची अक्षरं तिनं वाचली. आर, ई, व्ही, ए, टी, आय.

वसतिगृहातला खेळ होता तो. प्रथिनं वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची बनतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर असतं. रेवतीचं नाव त्या अक्षरांत पुरं बसायचं, म्हणून ती आपण बनवलेल्या प्रत्येक तुकड्याच्या शेवटी ते घालायची. सुचेताच्या नावात यू येतो. ते एकविसावं, क्वचित आढळणारं आम्ल. "आपल्या जिवाणूंना ते बनवता येत नाही, त्यामुळे तुझं नाव कुठंच लिहिता येणार नाही," असं म्हणून रेवती तिला चिडवायची.

सुचेताला आधी रागसुद्धा आला नाही. आपण कुठंतरी चुकीचं वाचतोय असंच वाटत राहिलं, म्हणून ती सहा अक्षरं तिनं चारदा वाचली.

---

शनिवारी सकाळी रेवती आपल्या खोलीत मानपत्राची शेवटची प्रत तपासत होती. सुचेता आत आली, दार लावून घेतलं आणि जनुकांचा कागद तिच्यापुढे ठेवला.

रेवतीनं चष्मा काढला. "कधी कळलं?"

निदान ती नाकारेल अशी आशा सुचेता रात्रभर धरून होती. ती आशाही गेली.

"का केलंस?"

"बस आधी."

"नाही बसत. का केलंस?"

"कारण कुणीच पुढे येत नव्हतं सुचेता. सहा वर्षं आपण दारोदार फिरलो. एकदा विकलं की पुन्हा विकायची गरज नाही, असं औषध कोण बनवेल? शेवटी एक कंपनी तयार झाली, या अटीवर. मी नाही म्हटलं असतं तर निवळी शीतपेटीतच राहिली असती. वहिनींना हे एक वर्षही मिळालं नसतं."

"मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून विचारलं नाहीस!"

"ते पंधरावर अडून बसले होते," रेवती म्हणाली. "मी भांडून भांडून वीस करून घेतले. तुला ते कधीच कळणार नाही."

हे ती उपकार केल्यासारखं बोलली, आणि सुचेताचा तोल सुटला. "मी टीव्हीवर सांगत होते, गावोगाव सांगत होते, की विरजण ठेवा, शेजारणीला द्या. तू बाजूला बसून ऐकत होतीस, रेवती! हसत होतीस!"

"पुडीवर लिहिलंय ना, दर पंधरा दिवसांनी नवी पुडी वापरा म्हणून."

"मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलंय. आणि विरजण पुडीतून येत नाही गं, वाटीतून येतं. वाटीवर कोण काय लिहितं?"

रेवतीनं मान खाली घातली. "इतक्या लवकर कुणाला त्रास होईल असं नव्हतं वाटलं. वहिनींना तर तू केंद्रातूनच ताजं नेऊन देत असशील, असं मी धरून चालले होते."

"मुजावरभाई गेले."

"कोण?"

सुचेतानं फक्त विचारलं, "मूळ बी कुठं आहे? धागा घालायच्या आधीचं?"

"जाळलं. करारातच होतं तसं. परिशिष्ट तीन. आता पुन्हा बनवायचं तर दोन वर्षं जातील, आणि परवानग्या वेगळ्याच."

"मी असल्या कागदावर सही करणं शक्य नाही."

रेवती उठली, कपाटातून जाडजूड फाइल काढली आणि अकरावं पान उघडून तिच्यापुढे धरलं. सगळं स्वच्छ लिहिलेलं होतं. वीस विरजणं, धागा, बी नष्ट करणं. प्रत्येक पानाच्या तळाशी सुचेताची घाईघाईत केलेली सही होती.

"तो दिवस मला आठवतो," रेवती हळू आवाजात म्हणाली. "वाटलं, आज तरी ही एखादं पान उलटून बघेल. तू विचारलंस, तू वाचलंस ना? मी म्हटलं, वाचलं. मी खोटं बोलले नाही सुचेता. मी वाचलंच होतं."

सुचेताला आता मात्र बसावं लागलं. तेहतीस वर्षांचं आपलं त्या तीन वाक्यांच्या देवाणघेवाणीचं सुख या बाईनं हत्यारासारखं वापरलं होतं, आणि वर ते खोटं नव्हतं म्हणून सांगत होती. परकं कुणी असतं तर सुचेतानं आरडाओरडा केला असता, कोर्टात खेचलं असतं. रेवतीला काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"दुपारी काही बोलू नकोस," रेवती म्हणाली. "मी कंपनीशी बोलते. पुडीवर मोठी अक्षरं टाकायला लावू, हळूहळू लोकांना सांगू. आत्ता बोललीस तर तुझा सन्मान जाईल, केंद्र जाईल. खटला झाला तर तुझ्यावर होईल. सही तुझी आहे."

"हो," सुचेता म्हणाली. "सही माझी आहे."

---

नाट्यगृह खच्चून भरलं होतं. पुढच्या दोन रांगा निवळी घेणाऱ्या रुग्णांसाठी ठेवल्या होत्या. त्यांतले कितीजण गेल्या आठवड्यापासून उगाच दमत होते, त्यांचे पाय सुजत होते आणि ते ऊन बाधलं असं समजत होते, कोण जाणे. तिसऱ्या रांगेत कडेला पांढरी ओढणी घेतलेली जुबेदाभाभी होती. नवरा जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते, तरी शेजारच्या इंदूवहिनींच्या नणंदेचा सत्कार म्हणून ती आली होती.

शाल, श्रीफळ, गुच्छ झाले. मग रेवती ध्वनिक्षेपकापुढे आली आणि खणखणीत आवाजात मानपत्र वाचू लागली. मानपत्राची भाषा कशी असते, सांगायला नको. त्यात कृष्णामाईची सुकन्या होती, ज्ञानाची अखंड तेवणारी ज्योत होती. शेवटी होतं, "ज्यांनी औषध घराघरांतल्या माउलीच्या हाती सोपवलं." या वाक्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मानपत्राची चौकट तिनं सुचेताच्या हातात दिली, आणि प्रथेप्रमाणे स्वीकृतीची वही पुढे करून सहीची जागा दाखवली.

सुचेतानं पेन घेतलं नाही. ती ध्वनिक्षेपकाजवळ गेली.

"निवळी लावणाऱ्या बायकांनो," ती म्हणाली, "मला एक सांगा. तुमच्या घरात आज जे दही आहे, ते पुडी आणल्यापासूनचं कितवं विरजण आहे? मोजा बरं. घाई नाही."

आधी हशा पिकला. बाईंचं बोलणं असंच गमतीचं असतं, हे गावाला माहीत होतं. मग बायका खरंच मोजू लागल्या, बोटांच्या पेरांवर. कुणी शेजारणीला विचारू लागली, तू माझ्याकडनं संकष्टीला नेलंस का गं? तुझ्याकडनं ताराबाईनं कधी नेलं? सभागृहात मोजण्याची कुजबुज पसरत गेली.

"तेवीस!" कुणीतरी ओरडलं. "एकोणतीस!" "माझं बाई बत्तीस!"

"वीसच्या पुढे ज्यांचं गेलंय," सुचेता म्हणाली, "त्यांच्या वाटीत औषध नाही. नुसतं दही आहे."

कुजबुज थांबली.

तिनं सगळं सांगितलं. धागा, तो कसा झिजतो, एकविसाव्याला काय होतं, ते सगळं साध्या शब्दांत. पहिल्या दोन रांगांनी आज, आत्ता, इथून थेट दवाखान्यात जायचं आणि रक्त तपासून घ्यायचं, हे तिनं तीनदा सांगितलं. ज्यांनी ज्यांना विरजण दिलं त्यांनी त्या घरी जाऊन सांगायचं, आपल्या घरी पोचल्यावर नाही, वाटेतच. "हे मला कालपर्यंत माहीत नव्हतं. पण ज्या कागदावर हे लिहिलंय त्याच्या प्रत्येक पानावर माझी सही आहे. मी तो वाचला नाही. कुणी फसवलं, कसं फसवलं, ते मी पोलिसांना सांगेन. तुम्हाला मात्र मी फसवलंय. मीच म्हटलं होतं, शेजारणीला द्या."

तिसऱ्या रांगेत जुबेदाभाभी उभी राहिली. उभ्या उभ्या बोटांवर मोजत होती. तिचं मोजून झालं तेव्हा तिनं ओढणीचा बोळा तोंडात धरला आणि पुन्हा खाली बसली. सुचेतानं ते पाहिलं. तिथून नजर काढून घ्यावी असं तिला फार वाटलं, पण ती तिच्याकडे बघत राहिली.

बाहेर रिक्षांची झुंबड उडाली. सत्काराच्या आनंदावर विरजण पडलं, असं एका वार्ताहरानं लगेच लिहून टाकलं. शब्द चुकून का होईना, बरोबर होता. व्यासपीठावर खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. रेवती तेवढी आपल्या जागी होती.

"तू मला संपवलंस," ती म्हणाली.

"धाग्यात नाव तूच लिहून ठेवलं होतंस, रेवती. का लिहिलंस? कुणाला दिसावं म्हणून?"

रेवतीचे डोळे भरून आले होते. तेहतीस वर्षांत सुचेतानं तिला दोनदाच रडताना पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा ती तिच्या शेजारी जाऊन बसली होती. या वेळी तिनं अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि पायऱ्या उतरून निघून गेली.

---

सोमवारी वहिनी उशाला टेकून बसल्या होत्या. सूज उतरली होती. सन्मान समितीनं निर्णय स्थगित केल्याची बातमी त्यांना नर्सकडून कळली होती आणि त्या समितीला त्यांनी मिरजेच्या ठेवणीतल्या चार शिव्या घातल्याही होत्या. सुचेता स्टुलावर बसली. दादाच्या वेळी वहिनी बसायच्या तसंच ते लोखंडी स्टूल होतं.

तिनं वहिनींना सगळं सांगितलं. रेवतीचं सांगितलं, सह्यांचं सांगितलं. शेवटी मुजावरभाईंचं सांगितलं.

वहिनींनी आपला उजवा हात पुढे धरला.

"मी दिलं की गं त्येंला," त्या म्हणाल्या. "ह्या हातानं. वाटी भरून, वर झाकण लावून. जुबेदा नको म्हनत हुती, त्येंला गोळ्यांचाच भरवसा. मी म्हनलो, गोळ्या ठेव बाजूला, घे गं, आमच्या वन्संनी केलंय, डोळं झाकून घे."

सुचेताला रडू आवरलं नाही. "चुकलं वहिनी माझं. फार चुकलं."

"त्या रेवतीला मी लाडू दिलंतं गं," वहिनी म्हणाल्या. "तुझ्या ट्रंकेत. तिचा डबा येगळा असायचा." आणि मग त्याही रडल्या. दोघींनी एकमेकींचे हात धरले.

नर्स कागद घेऊन आली. आता डायलिसिस कायमचं, म्हणून उद्या वहिनींच्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या जोडायची छोटी शस्त्रक्रिया होती. संमतीपत्र सहा पानांचं, इंग्रजीत होतं. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं फुली मारलेली होती. "आजी, इथं सही."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले, पेन घेतलं आणि फुलीवर टेकवलं. मग सवयीनं सुचेताकडे वळून म्हणाल्या, "तू वाचलंस न्हवं?"

एवढं सगळं ऐकून झाल्यावरसुद्धा त्यांनी ते तिलाच विचारलं. सुचेतानं त्यांच्या बोटांतून पेन हळूच सोडवून घेतलं आणि पानं उलटून पहिल्या पानावर आणली.

"नाही वाचलं, वहिनी. आता वाचते. मोठ्यानं वाचून मराठीत सांगते, तुम्ही ऐका. समजलं नाही की मला थांबवायचं."

"अगं, सा पानं हाईत. दुपार हुईल."

"होऊ दे," सुचेता म्हणाली. तिनं चष्मा लावला, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.